लहान मुलांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची गुंतागुंत कशी मोजावी: स्कॅनपासून फ्रॅक्टल मितीपर्यंत

ठाण्या-नवी मुंबईतल्या एखाद्या रुग्णालयातला रेडिओलॉजीचा निवासी डॉक्टर आणि शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला प्रोजेक्टवाला अशी जोडी जमली, की हा विषय हटकून निघतो. सिकलसेल (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक रक्तविकार) किंवा मोयामोया (मेंदूच्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा आजार) असलेल्या मुलांच्या मेंदूतल्या धमन्यांचं जाळं किती गुंतागुंतीचं आहे, ते आकड्यात मांडायचं. मग पॅक्सवरून, म्हणजे रुग्णालयाच्या स्कॅन साठवणाऱ्या प्रणालीवरून, एक छानसं एमआयपी (सगळ्या छेदांतलं चमकदार ते एका सपाट चित्रात आणलेलं) चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काळं-पांढरं केलं जातं, बॉक्स काउंटचं बटण दाबलं जातं आणि आकडा मिळतो. आकडा मिळणारच. त्याच बटणाला हापूसच्या पेटीचा फोटो दिला तरी मिळेल.

चूक बहुतेक वेळा गणितात नसते. ती बटण दाबायच्या कितीतरी आधी झालेली असते: स्कॅन वेगवेगळ्या यंत्रांवरचे, मुलं वेगवेगळ्या वयांची, मास्क (चित्रात वाहिनी कुठे आहे ते दाखवणारा थर) हाताने रंगवलेला आणि बॉक्सची मापं सॉफ्टवेअरने आपल्या मर्जीने घेतलेली. असा आकडा रक्तवाहिन्यांबद्दल थोडं सांगतो आणि स्कॅन कसा झाला याबद्दल जास्त. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये तयारीला जास्त जागा दिली आहे. क्रम बदलू नका. एखादी पायरी राहिली असेल तर पुढे न जाता मागे फिरा.

## १. काय मोजायचं ते चित्र उघडण्याआधी लिहून काढा

‘गुंतागुंत’ हा एकच गुण नाही. निदान चार वेगळी मापं या नावाखाली खपतात:

- फ्रॅक्टल मिती: जाळं वेगवेगळ्या मापांवर जागा किती भरतं. सरळ रेषेची मिती १, सपाट पत्र्याची २, भरीव ठोकळ्याची ३. धमन्यांचं जाळं मधे कुठेतरी बसतं.
- एकूण लांबी, फांद्यांची आणि टोकांची संख्या.
- नागमोडीपणा: वाहिनीची प्रत्यक्ष लांबी भागिले तिच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर.
- डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक: इथे प्रत्येक मूल स्वतःचीच तुलना पुरवतं, म्हणून वय आणि यंत्राचा गोंधळ बराच कमी होतो.

सिकलसेलमध्ये रक्त पातळ आणि प्रवाह जोरात, त्यामुळे धमन्या रुंदावतात, वळणं घेतात. तिथे नागमोडीपणा बोलका ठरतो. काही मुलांमध्ये आतल्या कॅरोटिड धमनीचं (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) वरचं टोक आणि तिथून निघणाऱ्या मुख्य फांद्या अरुंद होत जातात.

मोयामोयाचं प्रकरण अवघड आहे आणि इथेच सगळ्यात जास्त थिसिस घसरतात. या आजारात कॅरोटिडचं टोक आक्रसत जातं, मेंदूच्या मधल्या धमनीच्या (मिडल सेरेब्रल) पुढच्या फांद्या फिक्या पडतात, म्हणजे गुंतागुंत घटते. त्याच वेळी मेंदूच्या तळाशी बारीक पर्यायी वाहिन्यांचं जाळं उगवतं, म्हणजे गुंतागुंत वाढते. अख्ख्या मेंदूसाठी एकच आकडा काढला की ही वाढ आणि घट एकमेकांना खाऊन टाकतात. आकडा निरोगी मुलासारखा येतो आणि निष्कर्षात ‘फरक आढळला नाही’ असं छापलं जातं. त्यात भर म्हणजे सुझुकी आणि ताकाकू या जपानी डॉक्टरांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्यांनुसार तळाचं जाळं आधी वाढतं आणि पुढच्या पायऱ्यांत विरत जातं. म्हणजे एकाच आजारात, आजार कुठवर पोचला त्याप्रमाणे, आकडा वरही जाऊ शकतो आणि खालीही.

यावर उपाय एकच: विभाग पाडा. किमान तळाचा भाग, डाव्या आणि उजव्या मधल्या धमनीचं क्षेत्र, आणि मागचं अभिसरण (मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या धमन्या) असे.

तपासणी: वहीत एक वाक्य लिहा: कोणत्या विभागात, कोणतं माप, कोणत्या दिशेने बदलेल अशी अपेक्षा आहे. हे वाक्य लिहिता येत नसेल तर स्कॅन गोळा करायला सुरुवात करू नका.

## २. मूल यंत्राखाली जाण्याआधी

नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची संमती सगळे घेतात. मुलाचा होकार मात्र राहून जातो. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार घ्यायचा असतो. फॉर्म मराठीत असावा, आणि वाचून दाखवायला बसणारा माणूस घाईत नसावा. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरून आलेल्या आईवडिलांना ‘प्रतिमेचे परिमाणात्मक विश्लेषण’ म्हणण्यापेक्षा ‘या फोटोंवरून शिरांची मोजणी करणार, औषधात काही बदल होणार नाही’ हे सांगणं बरं.

निव्वळ संशोधनासाठी निरोगी मुलाला भूल देता येत नाही. म्हणून तुलनेचा गट बहुधा डोकेदुखी किंवा तत्सम तक्रारीसाठी स्कॅन झालेल्या आणि स्कॅन सामान्य निघालेल्या मुलांचा असतो. त्याला ‘निरोगी गट’ म्हणू नका, ‘स्कॅन सामान्य असलेला तुलना गट’ म्हणा. परीक्षक हे पहिल्या पानावर पकडतात.

प्रत्येक मुलासाठी स्कॅनच्याच दिवशी नोंदवायच्या गोष्टी: वय महिन्यांत, डोक्याचा घेर, हिमोग्लोबिन, शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख, हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलवरचं औषध) चालू आहे का, भूल दिली का आणि कोणती. हिमोग्लोबिन आणि रक्ताची तारीख का? कारण आपण पुढे जे चित्र वापरणार आहोत ते धमनीच्या भिंतीचं नसून वाहत्या रक्ताचं आहे. रक्त चढवल्यावर प्रवाह बदलतो, आणि प्रवाह बदलला की चित्र बदलतं. भुलीचंही तसंच: काही औषधं मेंदूचा रक्तप्रवाह वाढवतात, काही घटवतात, आणि श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड वाढला तरी वाहिन्या रुंदावतात. सगळ्या रुग्णांना भूल आणि तुलना गटातल्या मोठ्या मुलांना नाही, अशी विभागणी असेल तर तुम्ही भूलच मोजताय.

सावधान: भुलीसाठी उपाशी ठेवलेलं सिकलसेलचं मूल कोरडं पडणं धोक्याचं. कसाऱ्याहून पहाटेच्या लोकलने निघालेलं पोर दुपारी दोनच्या स्लॉटपर्यंत घोटभर पाण्याशिवाय ताटकळत बसतं, हे आपल्याकडे सर्रास घडतं. अशा मुलाला सकाळचा पहिला स्लॉट मागून घ्या. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. नेमकं कधीपर्यंत ते भूलतज्ज्ञाला विचारून पालकांना आदल्या दिवशी फोनवर सांगा. गरज पडली तर सलाइन लावायची तयारी ठेवा.

## ३. स्कॅन: सगळ्यांचा एकाच पद्धतीने

मुलांमध्ये बहुधा टाइम-ऑफ-फ्लाइट एमआरए (रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय) वापरतात, कारण त्याला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही. ताजं रक्त छेदात (स्कॅनच्या पातळ चकतीत) शिरताना चमकतं, स्थिर ऊती दबलेल्या राहतात. यातून तीन मर्यादा आपोआप येतात.

मंद प्रवाहाची वाहिनी फिकी पडते किंवा दिसतच नाही. खवळलेल्या प्रवाहाच्या जागी चमक नाहीशी होते आणि तिथे अरुंदपणा असल्याचा भास होतो. सिकलसेलमध्ये कॅरोटिडच्या वळणावर हे फार दिसतं. आणि तिसरं, जे आपसूक चमकतं ते रक्तप्रवाह नसूनही दिसतं, जसं डोळ्याच्या खोबणीतली चरबी किंवा काही दिवसांपूर्वीचा रक्तस्राव.

टेक्निशियनशी बसून एक प्रोटोकॉल पक्का करा आणि त्याचा कागद कन्सोलला चिकटवा. त्यावर हे असावं: यंत्र आणि कॉइल कोणतं, व्हॉक्सेलचं, म्हणजे प्रतिमेतल्या सगळ्यात लहान ठोकळ्याचं, खरं माप (तीन टेस्ला ताकदीच्या चुंबकावर साधारण अर्धा मिलिमीटरच्या आसपास), इको टाइम शक्य तितका कमी, एकाऐवजी एकमेकांवर थोडे चढणारे अनेक स्लॅब (स्कॅनचे जाड थर), शिरांचा प्रवाह दाबणारा सॅच्युरेशन पट्टा, आणि वर-खाली किती भाग घ्यायचा. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण एका मुलाचा स्कॅन टाळूपर्यंत आणि दुसऱ्याचा अर्ध्यावर थांबलेला असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

दीड टेस्लाचे आणि तीन टेस्लाचे स्कॅन एकाच तक्त्यात घालू नका. तीन टेस्लावर बारीक फांद्या जास्त दिसतात, त्यामुळे फ्रॅक्टल मिती आपोआप वर सरकते. वाशीच्या एका सेंटरची दहा मुलं, घोडबंदर रोडच्या दुसऱ्या सेंटरची बारा, अशी भेळ करायचीच झाली तर प्रत्येक सेंटरवर रुग्ण आणि तुलना गट दोन्हीही असले पाहिजेत. रुग्ण इथले आणि सामान्य मुलं तिथली, असं असेल तर तो अभ्यास वाचवता येत नाही.

तपासणी: मूल टेबलावरून उतरण्याआधी मूळ छेद पाहा, फक्त फिरतं एमआयपी नाही. वाहिन्यांच्या कडा दुहेरी दिसतात का? स्लॅब जोडल्याच्या जागी आडवे पट्टे दिसतात का? हालचाल असेल तर त्याच वेळी पुन्हा घ्या. मूल घरी गेल्यावर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

## ४. फायली हातात घेताना

सीडीवर मूळ छेदांची मालिका आहे की नुसती एमआयपीची चित्रं, हे आधी बघा. बऱ्याच सीड्यांवर फक्त एमआयपी असतं. ते त्रिमितीय जाळ्याचं सपाट पडलेलं प्रक्षेपण आहे: मागची-पुढची वाहिनी एकमेकींवर चढते, खोटे सांधे तयार होतात आणि मिती २ च्या वर जाऊच शकत नाही. जेपीजी तर घेऊच नका.

डायकॉमच्या (यंत्रातून येणाऱ्या मूळ फाइलच्या) शीर्षभागात व्हॉक्सेलची दोन मापं लपलेली असतात: यंत्राने प्रत्यक्ष मोजलेलं आणि नंतर गणिताने बारीक केलेलं. पडद्यावर ०.३ मिमी दिसतं, मोजणी मात्र ०.६ ची असते. तक्त्यात दोन्ही लिहा आणि निर्णय खऱ्या मापावर घ्या.

मग नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक काढून सांकेतिक क्रमांक द्या. कोणता क्रमांक कोणाचा ती यादी वेगळ्या कुलपात. चेहऱ्याचा भाग कापणारी साधनं वापरत असाल तर कापल्यावर एकदा बघा, कधी कधी कॅरोटिडचा खालचा तुकडाही जातो. नंतर डीसीएमटूनिक्स या साधनाने निफ्टी (विश्लेषणासाठी चालणाऱ्या प्रकारची) फाइल करा आणि डावी-उजवी बाजू उलटली नाही ना, याची ज्याच्या आजाराची बाजू ठाऊक आहे अशा एका मुलावर खात्री करा.

## ५. सगळ्या प्रतिमा एका मापावर आणा

इथे क्रम महत्त्वाचा: आधी चमकेचा चढ-उतार सपाट करा (एन-फोर पद्धत पुरेशी), मग सर्व दिशांनी सारखा व्हॉक्सेल करा, मग ठरलेला भाग कापा.

व्हॉक्सेल सारखा केला की चित्र गुळगुळीत दिसतं आणि वाटतं की रिझोल्यूशन वाढलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! म्हणून सगळ्या स्कॅनमधला सगळ्यात जाड व्हॉक्सेल पाहून सामाईक माप ठरवा, बारीक स्कॅनला त्या पातळीवर आणा. उलटं करू नका.

कापण्यासाठी मेंदूचा मास्क आंधळेपणाने वापरू नका. कवटीच्या तळातून जाणारी कॅरोटिड मेंदूच्या बाहेर असते, मेंदू वेगळा करणारं साधन तिला सरळ कापून टाकतं. मास्क थोडा फुगवा आणि खालची हद्द शरीररचनेवरून बांधा, उदाहरणार्थ आतली कॅरोटिड कवटीच्या आत जिथे दुभंगते (मानेतली दुभंग नव्हे) त्या पातळीपासून ठराविक मिलिमीटर खाली.

सावधान: मोयामोयाच्या ज्या मुलांची डोक्याच्या कातडीखालची धमनी मेंदूवर टेकवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्यात कवटीबाहेरची ती धमनीच मेंदूला रक्त पुरवत असते. मास्कने ती गेली तर शस्त्रक्रियेचा सगळा परिणाम गेला. अशी मुलं वेगळ्या गटात ठेवा किंवा अभ्यासातूनच वगळा. दोन्हींची मिसळ नको.

## ६. वाहिन्या वेगळ्या करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायलाच हवा.

फ्रांजी यांची १९९८ ची नळीसदृश आकार शोधणारी पद्धत थ्रीडी स्लायसरच्या व्हीएमटीकेमध्ये आणि पायथनच्या सायकिट-इमेजमध्ये मिळते. तिला नळीच्या जाडीचा टप्पा द्यावा लागतो. मुलांच्या मेंदूसाठी बारीक टोकाला साधारण एका व्हॉक्सेलएवढं आणि जाड टोकाला कॅरोटिडच्या त्रिज्येएवढं माप ठेवा. या पद्धतीचा जुना दोष म्हणजे फाटा फुटतो तिथे तिला नळी न दिसता गोळा दिसतो, तिचा प्रतिसाद कमी पडतो आणि फांदी बुंध्यापासून तुटते. दुहेरी उंबरठा (याच्या वर प्रतिसाद असेल तरच वाहिनी, अशी हद्द) लावा: वरच्या उंबरठ्यावरचं सगळं घ्या, आणि खालच्या उंबरठ्यावरचं फक्त तेव्हाच, जेव्हा ते वरच्याला चिकटलेलं असेल.

उंबरठा किती? प्रत्येक मुलासाठी ‘छान दिसेल’ असा बदलत बसू नका. रुग्ण आणि तुलना गटातली मिळून पाच-सहा मुलं बाजूला काढा, त्यांच्यावर ठरवा, आणि मग गोठवा. ही मुलं अंतिम विश्लेषणात धरू नका.

नंतरची हाताने दुरुस्ती आयटीके-स्नॅपमध्ये करा. दुरुस्ती करणाऱ्याला मूल कोणत्या गटातलं ते ठाऊक नसावं. मोयामोयात चित्र पाहूनच कळतं, हे खरं. म्हणून नियम लेखी असू द्या. नेहमी सापडणाऱ्या चुका या:

- डाव्या-उजव्या पुढच्या धमन्या मध्यरेषेवर शेजारी-शेजारी चालतात आणि मास्कमध्ये एक होतात. मूळ छेदावर मधली काळी रेघ दिसत असेल तर त्या वेगळ्या करा.
- शिरांचे मोठे मार्ग कडेने शिरलेले असतात. काढून टाका.
- खोबणीतली चरबी आणि काही दिवसांपूर्वीचा रक्तस्राव. टी-वन प्रतिमा (एमआरआयचा एक नेहमीचा प्रकार) शेजारी उघडून ओळखा.
- ‘सगळ्यात मोठा जोडलेला तुकडा ठेवा’ हे बटण. निरोगी मुलात ते कचरा साफ करतं, मोयामोयात मात्र घात करतं. तिथे मधला भाग मंद प्रवाहाने अदृश्य झालेला असतो आणि पुढच्या खऱ्या फांद्या सुट्या तरंगत असतात. बटणाने त्याच जातात. त्याऐवजी ठराविक आकारमानापेक्षा लहान तुकडे काढा, आणि उरलेले डोळ्यांनी बघा.

सिकलसेलच्या मुलाच्या मास्कमध्ये कॅरोटिडवर खिंडार दिसलं तर ते भरायचं की ठेवायचं? आधी मूळ छेद पाहा, मग ट्रान्सक्रेनियल डॉपलरचा (कवटीवरून ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल. वेग खूप आणि पुढच्या फांद्या नीट भरलेल्या, तर प्रवाह खवळल्यामुळे चमक गेली असण्याची शक्यता आहे. पुढच्या फांद्याही फिक्या, तर अरुंदपणा खरा असू शकतो. निर्णय रेडिओलॉजिस्टचा, आणि तो एका रकान्यात लिहून ठेवायचा. प्रोजेक्टवाल्याने रात्री एकटं बसून खिंडारं भरायची नाहीत.

तपासणी: मास्क मूळ प्रतिमेवर ठेवून तीनही दिशांनी एकदा सरकवा. पाच मिनिटं लागतात. इतकं करूनही जो मास्क पटत नाही, तो वगळा आणि कारण लिहा.

## ७. स्केलेटन काढणं आणि छाटणं

मास्कवरून थेट मिती काढली तर तिच्यात वाहिनीची जाडी मिसळते. फुगलेल्या जाड धमन्यांचा मास्क अधिक ‘भरीव’, म्हणून मिती जास्त. फांद्यांची रचना मोजायची असेल तर मध्यरेषा काढा: फिजीमधलं त्रिमितीय स्केलेटन किंवा सायकिट-इमेजमधली ली यांची पद्धत. दोन्ही आकडे काढायला हरकत नाही, पण तक्त्यात वेगळ्या नावांनी.

स्केलेटनला खोट्या काटक्या फुटतात, विशेषतः खडबडीत मास्कवर. ज्या टोकाच्या फांदीची लांबी तिथल्या वाहिनीच्या त्रिज्येपेक्षा कमी, ती छाटा. याहून जास्त छाटलीत तर मोयामोयाचं बारीक जाळंच साफ होईल. बंद फासे दिसले तर मोजा: मेंदूच्या तळाशी विलिसचं वर्तुळ (धमन्यांचं कडं) हा खरा फासा असतो, आणि पुष्कळ लोकांमध्ये तोही अपुरा असतो. इतरत्र फासे दिसले तर ते बहुधा चिकटलेल्या वाहिन्यांमुळे आलेले असतात. सहाव्या पायरीवर परत जा. तळाच्या मोयामोया जाळ्याला मात्र हा नियम लावू नका.

## ८. बॉक्स मोजणी

तत्त्व सोपं: जाळ्यावर ठराविक मापाच्या खोक्यांची जाळी टाका, किती खोक्यांत वाहिनी आहे ते मोजा, खोकं लहान-मोठं करत पुन्हा मोजा. खोक्यांच्या संख्येचा लॉग आणि खोक्याच्या मापाच्या व्यस्ताचा लॉग यांचा आलेख काढा. त्याचा उतार म्हणजे मिती.

फिजीच्या नेहमीच्या मेनूतलं बॉक्स काउंट सपाट चित्रासाठी आहे. त्रिमितीय मोजणीसाठी बोनजे हे जोड-साधन घ्या किंवा पायथनमध्ये वीसेक ओळी लिहा. स्वतः लिहिलेलं बरं, कारण बॉक्सची मापं तुमच्या हातात राहतात.

खऱ्या मुलाआधी कोडची परीक्षा घ्या. सरळ रेषा दिली तर १ च्या जवळ, एक पातळ पत्रा दिला तर २, भरीव ठोकळा दिला तर ३. मेंगरचा स्पंज तयार करून दिला तर २.७३ च्या आसपास यायला हवं. त्याच्यासाठी खोक्यांची मापं तीनच्या घातांत (१, ३, ९, २७) ठेवा. हे जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

आता मुख्य गोम. समजा एका मुलाच्या स्केलेटनवर अशी मोजणी आली (आकडे समजण्यापुरते कल्पित आहेत, पण स्वरूप असंच असतं):

- १ मिमी खोकं: ६६००
- २ मिमी: ३०००
- ४ मिमी: १३००
- ८ मिमी: ४८०
- १६ मिमी: १५०
- ३२ मिमी: ३४

शेजारच्या दोन-दोन मापांमधला उतार काढा: १.१४, १.२१, १.४४, १.६८, २.१४. चढतच जातो. कारण लहान खोक्याला एकच सुटी वाहिनी दिसते, म्हणजे जवळपास रेषा. आणि मोठी खोकी एकामागून एक भरून जातात, म्हणजे जवळपास ठोकळा. टोकांवरून सरासरी उतार काढला तर १ ते ८ मिमीच्या टप्प्यात १.२६ येतो, २ ते १६ मध्ये १.४४ आणि १ ते ३२ मध्ये १.५२. मूल तेच, स्कॅन तोच, स्केलेटन तेच. दोन गटांमधला जो फरक आपण शोधत असतो, तो अनेकदा याहून लहान असतो.

म्हणून सॉफ्टवेअरला ‘आपोआप’वर सोडू नका. सहाव्या पायरीत बाजूला काढलेल्या मुलांवर आलेख काढून ज्या टप्प्यात रेषा त्यातल्या त्यात सरळ आहे तो टप्पा निवडा, सगळ्या मुलांसाठी तोच ठेवा आणि लेखात छापा. टप्पा न छापलेल्या मितीची दुसऱ्याच्या मितीशी तुलना होत नाही. ‘अमुक अभ्यासात इतकी होती, आमच्यात इतकी’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी पोकळ असतं.

आणखी दोन गोष्टी. जाळी कुठून सुरू केली यावरही संख्या बदलते. जाळी थोडी-थोडी सरकवून मोजा आणि प्रत्येक मापाला सगळ्यात कमी आलेली संख्या घ्या. दुसरं, विभागवार मोजताना विभाग इतका लहान करू नका की मोठ्या खोक्यांना जागाच उरणार नाही. तळाच्या छोट्या विभागात मितीपेक्षा दर घन सेंटिमीटरमागे वाहिनीची लांबी हे साधं माप जास्त भरवशाचं.

तपासणी: प्रत्येक मुलाचा लॉग-लॉग आलेख फाइलमध्ये जपून ठेवा. उताराचा जुळणी गुणांक ०.९९ आला म्हणून हुरळू नका, वरच्या कल्पित आकड्यांनाही तो ०.९८ च्या वरच येतो. वक्रता डोळ्यांना दिसते, गुणांकाला दिसत नाही.

## ९. तोच आकडा पुन्हा येतो का?

काही स्कॅन निवडून त्याच व्यक्तीने दोन-तीन आठवड्यांनी, आणि दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे, सहाव्या पायरीपासून पुन्हा करावेत. आयसीसी (दोन मोजण्या किती जुळतात ते सांगणारा गुणांक) काढा आणि ब्लँड-ऑल्टमन आलेख (दोन मोजण्यांमधला फरक दाखवणारा) मांडा. नुसता सहसंबंध पुरेसा नाही. दुसरा माणूस प्रत्येक वेळी थोडं जास्तच मोजत असला तरी सहसंबंध उत्तम येतो.

ही पायरी शेवटच्या महिन्यात ढकलली जाते. ती सुरुवातीच्या मुलांवरच उरका, म्हणजे नियमातली भोकं वेळेत कळतील.

## १०. तुलना करताना

मेंदू पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने वाढतो आणि त्याचा रक्तप्रवाह बालपणात मोठ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणून वय हा सगळ्यात मोठा घोटाळा. तीन वर्षांच्या रुग्णांची चौदा वर्षांच्या मुलांशी तुलना म्हणजे वयाचीच तुलना. वय जुळवून मुलं घ्या. ते शक्य नसेल तर वय, लिंग, कवटीच्या आतलं आकारमान आणि हिमोग्लोबिन मॉडेलमध्ये घाला. वयाचा परिणाम सरळ रेषेतच असेल असं धरून चालू नका. हिमोग्लोबिनबाबत थोडा विचार करा: सिकलसेलमध्ये ते आजाराचाच भाग आहे, त्यामुळे ते घालून आणि न घालता, दोन्ही निकाल दाखवा.

डावा आणि उजवा मेंदू ही दोन मुलं नव्हेत. वीस मुलांचे चाळीस गोलार्ध करून नमुना दुप्पट दाखवायची युक्ती जुनी आहे आणि पकडली जाते. सिकलसेल, मोयामोया, खारघरला कॅन्सरसाठी डोक्याला रेडिएशन घेतलेलं मूल आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी येण्याचा आनुवंशिक आजार) असलेलं मूल, हे सगळे ‘बालरुग्ण’ म्हणून एका गठ्ठ्यात बांधू नका. अरुंदपणा सगळ्यांत दिसू शकतो, पण तो येण्याची वाट वेगळी.

लेखाबरोबर एक साधी मजकूर फाइल जोडा: यंत्र, व्हॉक्सेल, उंबरठे, छाटणीची हद्द, खोक्यांची मापं, सॉफ्टवेअरची आवृत्ती, आणि वगळलेल्या मुलांची कारणं. सहा महिन्यांनी परीक्षकाने प्रश्न विचारला की हीच फाइल उघडावी लागते.

आणि ही मिती मुलाच्या अहवालावर लिहू नका, पालकांनी कितीही विचारलं तरी. सिकलसेलच्या मुलात पक्षाघाताचा धोका ठरवायला डॉपलर आहे: वेगाची सरासरी २०० सेमी प्रति सेकंद किंवा जास्त आली की बालरक्तविकार तज्ज्ञ नियमित रक्त चढवण्याचा विचार करतात, १७० ते १९९ मध्ये असेल तर तपासणी लवकर पुन्हा होते. मोयामोयात शस्त्रक्रियेचा निर्णय लक्षणं, अँजिओग्राफी आणि मेंदूला रक्त किती पोचतं त्याच्या तपासण्यांवर होतो. मोजणी करताना नवा अरुंदपणा किंवा जुन्या पक्षाघाताची खूण नजरेस पडली, तर अभ्यास संपायची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. हा फोन कोणी करायचा, ते नाव नैतिकता समितीकडे जाणाऱ्या अर्जातच लिहून ठेवा.